पंधरावा आवाज

मंगळवार, ६ फेब्रुवारी २०१८, सकाळी नऊ. ड्युसेलडॉर्फच्या बाहेरचा आमचा कारखाना, पहिल्या मजल्यावरची बैठकीची खोली. हजर: विभागप्रमुख, जर्मन. जपानहून आलेले अंतिम तपासनीस, वय त्रेसष्ट. त्यांची दुभाषी, जपानी बाई, पंचवीस वर्षं जर्मनीत. आणि मी, तपासणीचं नियोजन बघणारी, पुण्याची, प्रोटोकोल म्हणजे बैठकीचा वृत्तांत लिहायला. गैरहजर: कोणी नाही. नावं मुद्दाम लिहीत नाही. त्यातल्या कोणीही मला माफ केलेलं नाही आणि मलाही त्यांना माफ करायची घाई नाही.

कंपनी जपानी, कामगार जर्मन, कागद माझे. बिस्किटांचे आणि औषधांचे पुडे बांधणाऱ्या यंत्रांना लागणारे गिअरबॉक्स आम्ही जोडायचो. प्रत्येक बॉक्स चाचणीच्या स्टँडवर वीस मिनिटं पळवायचा, त्याचा कंप, तापमान आणि तेलगळती मोजायची. आकडे बरोबर आले की काम संपायला हवं. आमच्याकडे संपत नसे. मग तपासनीस यायचे. त्यांच्याकडे हातभर लांबीची पोलादी सळई होती, एका टोकाला लाकडी बोंड. सळईचं टोक बॉक्सवर, बोंड कानापुढच्या हाडावर, डोळे मिटलेले. अर्धा मिनिट, कधी चार मिनिटं. त्यानंतर एकतर हिरवी चिठ्ठी, नाहीतर खडूची फुली. कारण विचारायचं नाही, ते सांगायचे नाहीत. फुली पडलेला बॉक्स उघडला की आत बहुतेक वेळा काहीतरी सापडायचं. हे मी प्रामाणिकपणे लिहिते, कारण पुढे त्यांच्याबद्दल चांगलं लिहायची फारशी संधी येणार नाही.

मार्चअखेर ते निवृत्त होऊन परत जाणार होते. त्यांच्या जागी जपानहून कोणी येणार नव्हतं. म्हणून त्यांचा कान कागदावर उतरवायचा, कोणालाही वापरता येईल अशी यादी करायची, हे काम माझ्याकडे आलं. माझा करारही मार्चअखेरच संपत होता. इथे पहिली दोन वर्षं मुदतीचा करार चालतो. त्यानंतर कंपनीने कायमचा करार द्यायचा, नाहीतर मुदत वाढवायला ठोस कारण दाखवायचं, नाहीतर नमस्कार. विभागप्रमुख मला म्हणाले होते, "आल्झो, तर मग, यादी पूर्ण करा, नंतर तुमच्या कराराचं बघू." नवऱ्याच्या बदलीमागे मी इथे आले, दोन वर्षं भाषेच्या वर्गात आणि अर्ज करण्यात घालवली, आणि चव्वेचाळिसाव्या वर्षी पुन्हा फ्रेशरसारखी मुलाखत देऊन ही नोकरी मिळवली. ती मला हवी होती. बाकी सगळं या एका ओळीखाली येतं.

यादी करणं मला नवीन नव्हतं. भोसरीत एका कारखान्यात पंधरा वर्षं मी तेच केलं. तिथेही एक मिस्त्री होते, लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून "बेअरिंग गेलंय मॅडम" म्हणणारे. त्यांचं ते ज्ञान मी सहा महिन्यांत आकड्यांच्या तक्त्यात आणलं. ते निवृत्त झाले त्या दिवशी उत्पादन एक तासही थांबलं नाही. मला त्याचा अभिमान होता. त्यामुळे सळईवाल्या जपानी बुवांकडे बघताना मला कौतुक वगैरे वाटत नव्हतं. हा आजार माझ्या ओळखीचा होता.

तर सहा फेब्रुवारी. मी एकतीस मुद्द्यांची यादी पडद्यावर दाखवली. कंप किती, किती मिनिटांनी मोजायचा, सेन्सर कुठे चिकटवायचा, तेल कोणत्या तापमानाला बघायचं. दुभाषी बाई ओळीओळीला खालच्या आवाजात जपानीत सांगत होत्या. तपासनीस हात मांडीवर ठेवून ऐकत होते. मधूनमधून मान हलवत, घशातून एक हुंकार देत. शेवटी मी विचारलं, "यात काही राहिलंय का?"

बाईंनी प्रश्न सांगितला. तपासनिसांनी डोळे मिटले.

माझा एक जुना नियम आहे. बैठकीत प्रश्न विचारायचा, मनात दहापर्यंत मोजायचं, कोणी बोललं नाही तर पुढे जायचं. भोसरीत पाच पुरायचे. जर्मनीत लोक विचार करून बोलतात म्हणून मी दहा केले होते. मी दहा मोजले. खोलीत हीटरची नळी वाजत होती तेवढीच. विभागप्रमुखांनी घड्याळ बघितलं. मी लिहिलं: "यादी पूर्ण. हरकत नाही." आणि चौथ्या विषयावर गेले. दुपारी दोन वाजता प्रोटोकोल सगळ्यांना पाठवला. तीन दिवसांत हरकत आली नाही तर मान्य, असा आमच्याकडचा शिरस्ता. हरकत आली नाही.

पुढच्या सोमवारपासून विभागप्रमुखांनी यादीवरच काम सुरू करायला सांगितलं. मी स्टँडजवळ उभी होते. तपासनीस आले, त्यांनी सळई भिंतीवरच्या खुंटीला अडकवली आणि खुर्चीत बसले. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. त्या दिवशी बारा बॉक्स झाले. बाराही एकतीस मुद्द्यांत बसले, बाराही ग्राहकांकडे गेले. नवव्या बॉक्सच्या वेळी ते खुर्चीतून उठले, दोन पावलं पुढे आले आणि परत जाऊन बसले. मी ते बघितलं होतं. पाय मोकळे करत असतील असं समजून सोडून दिलं.

दहा दिवसांनी नववा बॉक्स परत आला. ग्राहकाकडे कंप मर्यादेबाहेर गेला होता, त्यांचं पुडे बांधायचं काम दिवसभर बंद होतं. उघडल्यावर एका बेअरिंगच्या कड्यावर नखाएवढा चट्टा दिसला. विभागप्रमुखांनी आम्हा तिघांना बोलावलं आणि माझाच प्रोटोकोल माझ्यापुढे सरकवला. "हरकत नाही" या शब्दांखाली त्यांनी पेन्सिलीने रेघ मारली होती.

मी तपासनिसांकडे वळले. "तुम्हाला त्या दिवशी ऐकू आलं होतं."

बाईंनी सांगितलं. ते म्हणाले, हो.

"सळई न लावता?"

"खुर्चीतून."

"मग बोलला का नाहीत?"

ते जे बोलले ते बाईंनी जर्मनमध्ये इतक्या गोड आवाजात सांगितलं की मला अजून त्यांच्या गळ्याचा राग येतो. "ते म्हणतात, बैठकीत ते उत्तर देत होते. तुम्ही पुढच्या विषयावर गेलात. नंतर यादी पूर्ण असल्याचं तुम्ही लिहिलंत. पूर्ण असलेल्या यादीत ते ढवळाढवळ कशी करणार?"

"ते उत्तर देत नव्हते. ते गप्प होते."

"उत्तराची सुरुवात होती ती," बाई म्हणाल्या. हे त्यांनी स्वतःच्या पदरचं घातलं होतं.

"मग तुम्ही मला त्याच वेळी का नाही सांगितलंत? तुम्हाला कळत होतं."

"मी बोललेल्याचं भाषांतर करते. न बोललेलं माझ्या कामात येत नाही."

विभागप्रमुख म्हणाले, "हो, गेनाऊ, अगदी बरोबर. छान." त्यांचा "छान" म्हणजे काय ते त्यांच्या मानेवरच्या लाल रंगावरून कळत होतं. मग मला उद्देशून म्हणाले, "आवाज यादीत आला पाहिजे. एकतीस मार्चच्या आत, जर्मनमध्ये, नव्या माणसाला समजेल असा. नाहीतर करार वाढवायला माझ्याकडे कारण उरत नाही."

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो फोनवर मॅच बघत होता.

"म्हणजे म्हाताऱ्याने ऐकलं आणि जाऊ दिलं?"

"हो."

"आणि तू दहापर्यंत मोजून निकाल दिलास."

"मग किती मोजायचे होते?"

"काय माहीत. तू कुकरच्या शिट्ट्याही फ्रिजवर लिहून ठेवतेस. अकरावा आकडा तुझ्या घराण्यातच नाही."

मुलगी पलीकडून जर्मनमध्ये म्हणाली की बाबांचं बरोबर आहे. ती मराठी सगळं समजते, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते, आणि दर वेळी बाबांच्याच बाजूने देते. मी दोघांना जेवायला वाढलं आणि दुसऱ्या दिवसाची यादी केली. पहिला मुद्दा: सकाळी साडेसहाला स्टँडजवळ.

साडेसहाला तपासनीस तिथे होतेच. माझ्या हातातली वही आणि पेन त्यांनी सरळ घेतलं आणि मागच्या फळीवर ठेवलं. मी परत घेतलं. त्यांनी पुन्हा ठेवलं. दुभाषी बाई म्हणाल्या, "ते म्हणतात, हात लिहीत असला की कान त्याच्याकडे जातो." मी म्हटलं, माझं काम लिहिण्याचंच आहे. बाईंनी हे भाषांतर केलं की नाही देव जाणे. तपासनिसांनी स्टँडचा पडदा, ज्यावर कंपाचे आकडे दिसतात, स्वतःच्या टोपीने झाकला आणि सळई माझ्या हातात दिली.

पहिला आठवडा मी उभी होते, बाकी काही नाही. बोंड कानापुढच्या हाडाला लावून, पाय बधिर होईपर्यंत. सुरुवातीला एकच ऐकू यायचं, यंत्र चालू आहे. मी मान हलवून "झालं" म्हटलं की ते माझ्या मनगटाला बोटाने दाबून सळई परत जागेवर आणायचे. बाहेरच्या माणसाने हात लावलेला मला चालत नाही, हे मी बाईंतर्फे सांगितलं. तेव्हापासून ते खडूच्या टोकाने दाबायला लागले. माझ्या बाहीवर रोज पांढरा ठिपका असायचा.

चहाच्या सुट्टीत बाई मला समजावायच्या. त्यांच्याकडे म्हणे उन्हाळ्यात लोक लहान पिंजऱ्यात किडा पाळतात, तो रात्री वाजतो ते ऐकायला. खिडकीला काचेची घंटी टांगतात, तिच्या किणकिणीने उकाडा कमी वाटावा म्हणून. बागेत जमिनीखाली मडकं पुरतात, त्यात पाणी ठिबकतं, ते वरून कान देऊन ऐकतात.

"आमच्याकडे रातकिडे फुकट असतात," मी म्हटलं. "आणि उकाड्याला आम्ही पंखा लावतो."

"म्हणूनच तुम्हाला वेळ लागतोय," बाई म्हणाल्या आणि कप विसळायला गेल्या.

या ऐकणाऱ्या लोकांनी आमच्या कारखान्यात बायकांच्या स्वच्छतागृहात एक लहान डबी बसवली होती. बटण दाबलं की त्यातून पाणी वाहिल्याचा खोटा आवाज येतो, आतल्या बाईचा खरा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. जर्मन बायका त्यावर हसायच्या. त्या तीन आठवड्यांत ती डबी माझ्या कामी आली. स्टँडजवळ लिहायला मनाई होती, म्हणून मी दर तासाला आत जायचे, बटण दाबायचे आणि हात पुसायच्या कागदावर ऐकलेलं लिहून काढायचे. कागद फाडल्याचा आवाज त्या पाण्यात बुडून जायचा.

दुसऱ्या आठवड्यात ते बोलायला लागले. म्हणजे वाक्यं नव्हेत. मी कान लावून उभी असताना ते बाजूला उभे राहून एकच शब्द म्हणायचे. "गोरो-गोरो." दुसऱ्या बॉक्सला "जारी-जारी." तिसऱ्याला "कोतो-कोतो." एका फुली मारलेल्या बॉक्सला "गारा-गारा." बाई भाषांतर करायच्या: "अनियमित आवाज." मग: "अनियमित आवाज, बारीक." मग: "अनियमित आवाज, हलका." शुक्रवारी मी विभागप्रमुखांना सहा ओळी दाखवल्या. सहाही ओळींत जर्मनमध्ये तेच लिहिलं होतं.

त्यांनी कागद उलटा करून बघितला, मागे काही आहे का म्हणून. "यावरून नव्या माणसाने काय करायचं?"

"बाई असंच सांगतात."

बाई म्हणाल्या, "जर्मनमध्ये यापेक्षा जास्त नाही. जपानीत हे शब्द लहान मुलालाही येतात. ते शब्द नाहीत, आवाजच आहेत."

माझ्या खिशात हात पुसायच्या कागदांचा गठ्ठा होता, आणि त्यावर मी जे लिहिलं होतं ते माझं मलाच त्या क्षणी पहिल्यांदा नीट दिसलं. गोरो-गोरोच्या दिवशी मी लिहिलं होतं, घरघर. जारी-जारीच्या दिवशी, कचकच, दाताखाली खडा आल्यासारखी. कोतो-कोतोला, खुटखुट. मी ते भाषांतर म्हणून लिहिलंच नव्हतं. घाईत, बटणाचं पाणी संपायच्या आत, जे कानात होतं ते लिहिलं होतं.

सोमवारी बाई दहा मिनिटं उशिरा आल्या. तेवढ्यात मी सळई कानाला लावून तपासनिसांकडे बघत म्हटलं, "खरखर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. सळई घेतली, ऐकलं, मान हलवली. नाही. "गारा-गारा."

मी पुन्हा ऐकलं. "खडखड."

त्यांनी बोटाने एकदा हवेत ठोकलं. बरोबर. दुसऱ्या बॉक्सकडे गेले.

बाई आल्या तेव्हा आमचं हे चाललं होतं. त्या कोट काढायचंही विसरल्या. "तुम्ही दोघं जे बोलताय ते कोणत्याच भाषेत नाही."

"तुमच्या कामात न बोललेलं येत नाही ना? मग यात तुम्हाला काही नाही. बसा," मी म्हटलं. याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

यातून आमची मैत्री झाली असं कोणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. उलट भांडण नीट करायला आता साधन मिळालं. मी "कुरकुर" म्हणाले की ते नाक मुरडायचे. मी अडून बसायचे: कुरकुर हा माझ्या भाषेतला शब्द आहे, मी पंचेचाळीस वर्षं तो वापरते, तुम्ही कोण सांगणार? ते सळई पुढे करायचे. मी ऐकायचे. तिथे कुरकुर नसायची, करकर असायची. मराठीचं एक अक्षर न येणारा माणूस मला माझे शब्द दुरुस्त करून देत होता, आणि तो चुकतही नव्हता. इतका राग मला त्यापूर्वी कोणाचा आला नव्हता. एकदा मी रागाने त्यांच्या "शाऽऽ" ला "सूं" म्हटलं. तो चांगल्या, फुली न पडणाऱ्या बॉक्सचा आवाज. त्यांनी चार मिनिटं कान लावला आणि पहिल्यांदाच माझा शब्द स्वतः म्हणून बघितला. मग खडूने माझ्या बाहीवर ठिपका दिला. बक्षीस की शिक्षा, कोण जाणे.

वीस मार्चपर्यंत चौदा आवाज झाले. तपासनीस काय म्हणाले तो रकाना, मी काय म्हटलं तो रकाना, आणि तिसरा जर्मन रकाना रिकामा. त्यासाठी मी जोडणी विभागातल्या एका जुन्या जर्मन कामगाराला धरलं. तो तीस वर्षं याच शेडमध्ये होता. मी बॉक्स लावायचे, तो ऐकायचा, शब्द द्यायचा. खडखड, करकर, घरघर, किरकिर यांना त्याच्याकडे चांगले ठसठशीत शब्द निघाले. कचकचीलाही निघाला. मग टकटक, ठकठक, खुटखुट आली. तिन्हीला तो म्हणाला, "ठोके. हे सगळे ठोकेच."

"नीट ऐक. एक कोरडा आहे, एक जड आहे, एक आतून येतो."

"मुली, ठोका तो ठोका. दार उघडायचं की नाही एवढंच बघायचं."

तरीही आम्ही दोघांनी मिळून कोरडा ठोका, जड ठोका, दबका ठोका असं करून रकाना भरला. सुंदर नव्हता, पण भरला. प्रत्येक आवाजाचं ध्वनिमुद्रणही जोडलं. तपासनिसांनी ते हेडफोनवर ऐकलं आणि हेडफोन काढून टेबलावर उलटा ठेवला. हाडातून येतं ते यात नाही, असं त्यांचं म्हणणं. मी ते टीप म्हणून खाली लिहिलं.

सत्तावीस मार्चला शेवटची बैठक. तेच चौघं, तीच खोली. मी चौदा ओळी दाखवल्या. विभागप्रमुखांनी स्वतः विचारलं, "आल्झो, आता यादी पूर्ण आहे का?"

बाईंनी सांगितलं. तपासनिसांनी डोळे मिटले.

दहा झाले. वीस झाले. माझं पेन कागदावर टेकलेलं होतं आणि मला "हो" हवा होता. माझी नोकरी त्या "हो"वर होती आणि न बोलण्याचा "हो" लिहून टाकणं अगदी सोपं होतं. एकदा लिहिलाच होता. विभागप्रमुख म्हणाले, "गेनाऊ, मग पुढच्या विषयाकडे..."

"थांबा," मी म्हटलं.

"किती वेळ?"

"ते बोलेपर्यंत."

"माझी साडेदहाला दुसरी बैठक आहे."

"तिला उशीर होईल."

असं मी विभागप्रमुखांशी पूर्वी कधी बोलले नव्हते आणि नंतरही नाही. त्यांची मान लाल झाली. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. प्रोटोकोलसाठी मी बैठकीचं ध्वनिमुद्रण करत असे, ते नंतर काढून बघितलं, एक मिनिट आणि दहा सेकंद झाले होते. मग तपासनीस बोलले, बराच वेळ, आणि बाईंनी पहिल्यांदाच थांबत, शब्द शोधत भाषांतर केलं.

यादी पूर्ण नाही. आणखी एक आवाज आहे. फेब्रुवारीत त्या नवव्या बॉक्समध्ये होता तो. त्याआधी आयुष्यात तीन-चार वेळा ऐकला. काही बिघडायच्या आधी येतो, त्यामुळे उघडलं तर आत काही सापडत नाही. पहिल्या बैठकीत ते त्याच आवाजासाठी शब्द शोधत होते. अजून शोधताहेत. जपानीत नाही.

"मग खुर्चीतून उठून परत का बसलात?" मी विचारलं. "शब्द नव्हता, पण खडू होता ना हातात? फुली मारायची."

बाईंनी ते सांगितलं. तपासनिसांनी माझ्याकडे सरळ बघितलं. या वेळी त्यांना वेळ लागला नाही. "रागावलो होतो," ते म्हणाले.

मी ते प्रोटोकोलमध्ये लिहिलं, तसंच. कोणी हरकत घेतली नाही.

एकोणतीस तारखेला कँटीनमध्ये केक कापला. तपासनिसांनी सगळ्यांना वाकून नमस्कार केला, मग खाली जाऊन चाचणीच्या स्टँडलाही वाकून केला. मला वेगळा काही नाही. सळई फडक्यात गुंडाळून ते घेऊन गेले. ती कंपनीची होती की त्यांची, हे मी रजिस्टरमध्ये शोधलं. नोंद नव्हती.

त्याच दिवशी माझ्या टेबलावर करार आला. कायमचा नव्हता. मुदतवाढ होती, आणि कायद्याला लागणारं कारण त्यात स्वच्छ लिहिलं होतं: "तपासणी-सूचना पूर्ण होईपर्यंत." म्हणजे पंधरावी ओळ भरली की माझं काम संपलं, करार संपला. मी विभागप्रमुखांना विचारलं, हे असंच लिहायचं होतं का? ते म्हणाले, "यादी पूर्ण नाही, असं थांबून वदवून कोणी घेतलं?" मी सही केली.

आज २०१९ चा डिसेंबर आहे. तो परत आलेला बॉक्स फळीवर आहे, पण त्याचा उपयोग नाही. स्टँडवर पुन्हा पुन्हा पळवून चट्टा वाढला, आता तो उघड खरखरतो, कोणालाही ऐकू येतं. पंधरावा आवाज त्याच्या आधीचा होता. तो मिळायचा तर नव्या, धडधाकट बॉक्समध्येच मिळणार. म्हणून प्रत्येक बॉक्स आकडे घेण्याआधी मी ऐकते. कॅटलॉगमधून नवी सळई मागवली, स्वस्त, बोंड प्लास्टिकचं. नवरा म्हणतो, तो आवाज सापडला तर नोकरी जाते, म्हणून तुला सापडत नाही. बाई आता दुसऱ्या विभागात आहेत, त्या जिन्यात भेटल्या की तेच जरा सभ्य भाषेत म्हणतात. दोघांनाही मी सांगितलंय की माझ्याकडून अर्धवट यादी ठेवली जात नाही, आणि हे खरं आहे. पण गेल्या वर्षी जूनमध्ये एकदा आणि या नोव्हेंबरमध्ये एकदा, सूं चाललेली असताना तिच्याखाली काहीतरी होतं असं मला वाटलं. दोन्ही वेळा मी फुली मारली. दोन्ही वेळा उघडल्यावर आत काही सापडलं नाही, जे त्यांनी सांगितलं होतं तसंच, किंवा आत काही नव्हतंच म्हणून. विभागप्रमुखांनी दोन्हींची कारणं लेखी मागितली आहेत. मी मराठीतही शब्द शोधला. मिळाला नाही.

ओळ पंधरा. जपानी: रिकामं. मराठी: रिकामं. जर्मन: रिकामं. जबाबदारी: माझी. स्थिती: बाकी.